पोथीतले संत पडद्यावर येतात



आमच्या गावी श्रावण लागला की मारुतीच्या देवळात पोथी लागे. बहुतेक वर्षी ती महिपतीबोवांची 'भक्तविजय' असे. एकजण ओव्या वाची, दुसरा अर्थ सांगे, आणि आम्ही पोरे खांबाला टेकून खिरापतीची वाट पाहत असू. माझी आजी मात्र ठरलेल्या जागी, अगदी पुढे. तिला अक्षरओळख नव्हती. पण कोणत्या संताची कथा केव्हा येणार आणि अर्थ सांगणारा कुठे घसरला, हे तिला बरोबर कळे.

पुढे आमच्या घरी टीव्ही आला आणि एका आषाढी एकादशीला 'प्रभात'चा 'संत तुकाराम' लागला. आजी डोक्यावर पदर घेऊन, पोथीपुढे बसावे तशी बसली. तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा तिने हात जोडले. पण डोळ्यांना पदर लावला तो त्याच्या पुढच्या क्षणी, आवली घरातून धावत बाहेर येते तेव्हा. चित्रपट संपल्यावर बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "पोथीत ही बाई अशी भेटत नाही रे!"

आजीचे ते वाक्य मला आजपर्यंत पुरले आहे. जुन्या कथांचा एक संग्रह. त्यातल्या गोष्टी शेकडो वर्षे कानांनी ऐकलेल्या. त्या एकदम डोळ्यांपुढे आल्या म्हणजे त्यांचे काय होते? काय हरवते, काय नव्याने सापडते? आज त्याविषयीच चार गोष्टी तुमच्याशी बोलायच्या आहेत.

आधी त्या संग्रहाची ओळख करून घेऊ. महिपती हा ताहराबादचा. हे गाव राहुरी तालुक्यात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. जन्म 1715, मृत्यू 1790. घराण्यात गावचे कुळकर्णपण. त्याच्याविषयी एक गोष्ट सांगतात, ती गावच्या दप्तराशी ज्यांचा संबंध येतो त्यांनी ऐकण्यासारखी आहे. महिपती पूजेला बसला असताना जहागीरदाराचा शिपाई बोलावणे घेऊन आला. पूजा आटोपून येतो म्हटले तरी शिपाई ऐकेना. महिपती उठून गेला, सरकारी काम पुरे करून दिले, आणि घरी येऊन कानावरची लेखणी देवापुढे ठेवली. यापुढे ही लेखणी संतांच्या चरित्रापलीकडे काही लिहिणार नाही, असा त्याने नेम केला. आता ही गोष्ट जशीच्या तशी घडली की नाही, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. संतांच्या गोष्टी सांगणाऱ्याचीही एक गोष्ट तयार झाली, एवढे लक्षात ठेवू.

त्या लेखणीतून पुष्कळ काही उतरले. 'भक्तविजय' 1762 साली पुरा झाला. त्याचे 57 अध्याय आणि जवळजवळ दहा हजार ओव्या. 1774 मध्ये 'भक्तलीलामृत'. शिवाय 'संतलीलामृत', 'कथासारामृत' आणि अपुरा राहिलेला 'संतविजय'. नामदेव, ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम, चोखामेळा, गोरा कुंभार, सावता माळी, आणि उत्तरेकडचे कबीर, मीराबाई, रोहिदास, नरसी मेहता. आज मराठी माणसाला संतांच्या म्हणून ज्या गोष्टी येतात, त्यांतल्या बहुतेक महिपतीच्या मुखातून आलेल्या आहेत. सांगणाऱ्याला ते ठाऊक असो वा नसो.

पण महिपती काही या संतांच्या काळी हजर नव्हता. तुकोबांचे प्रयाण 1650 सालचे. महिपती जन्मला तो त्यानंतर 65 वर्षांनी. मग त्याने हे सारे आणले कुठून? ते तोच प्रामाणिकपणे सांगून टाकतो. उत्तरेत नाभाजीने 'भक्तमाल' रचली, इकडे माणदेशात उद्धवचिद्घनाने भक्तचरित्रे लिहिली; त्या दोघांच्या आधाराने मी हे सांगतो, माझ्या पदरचे म्हणून समजू नका, असा त्याचा भाव आहे. म्हणजे पाहा, उत्तरेच्या भाषेतली चरित्रे त्याने मराठी ओवीत आणली. नाभाजीने चार ओळींत उरकलेली गोष्ट त्याने अध्यायभर फुलवली, तिला मराठी घर दिले, मराठी सासू-सून दिली. कीर्तनात उभे राहून कथा सांगण्याची त्याला सवय होती; श्रोता कुठे पेंगतो आणि कुठे मान डोलावतो हे त्याला ठाऊक होते. तेव्हा पडद्यावर कथा नेणाऱ्यांनी मूळ कथेला हात लावला, अशी तक्रार करताना हे ध्यानात असू द्यावे, की ज्याला आपण मूळ म्हणतो तेही एका रंगकर्माने रूपांतर केलेलेच आहे.

आता 'प्रभात'कडे वळू. 1929 साली कोल्हापुरात पाच जणांनी ही कंपनी काढली: विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. 1933 मध्ये ती पुण्याला आली. संतांचा पहिला मोठा चित्रपट 1935 चा 'धर्मात्मा'. शांतारामांचे दिग्दर्शन आणि एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व. त्याचे नाव आधी 'महात्मा' ठेवले होते. त्या काळी महात्मा म्हटले की कोण डोळ्यांपुढे येई ते सांगायला नको. सेन्सॉरने हरकत घेतली आणि नाव बदलावे लागले.

या नावापेक्षाही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एकनाथ राण्या महाराच्या घरी जेवायला गेले, ही कथा महिपतीने सांगितली आहे. पण ती कशी सांगितली? पैठणचे ब्राह्मण पाळत ठेवून असतात. त्यांना एकनाथ राण्याच्या घरी पानावर बसलेले दिसतात, आणि त्याच वेळी आपल्या घरीही दिसतात! देवाने एकनाथांचे रूप घेतले आणि भक्ताचे आमंत्रण राखले. ऐकताना किती गोड वाटते! पण जरा थांबून विचार करा. एकनाथ जेवले की नाही जेवले? पोथीने दोन्ही सांगितले. ज्याला जेवलेले हवे त्याला जेवले, आणि ज्याला नको त्याला घरीच होते. अठराव्या शतकातल्या श्रोत्यांपुढे याहून अधिक उघड बोलणे महिपतीला शक्य नव्हते असे मी मानतो. जेवढे बोलला तेवढेही धिटाईचे होते. परंतु 1935 साल निराळे होते. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 साली सुरू झाला होता. अस्पृश्यतेचा प्रश्न गावोगाव निघाला होता. अशा वेळी एकनाथांची कथा पडद्यावर आणायची म्हणजे मधला रस्ता उरत नव्हता. 'धर्मात्मा'ने अस्पृश्यतेच्या प्रश्नावरच सगळा भर दिला. चित्रपट म्हणून तो मला थोडा भाषणी वाटतो, बालगंधर्वांचे गाणे पडद्यावर तेवढे खुलत नाही. पण पोथीने झाकून ठेवलेला प्रश्न त्याने उघडा केला, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

कान आणि डोळे यांतला फरक तो हाच. पुराणिक म्हणतो, "देव धावून आले," आणि आपण मान डोलावतो. कुठून आले, पायांत काय होते, त्या वेळी घरातली बाई काय करीत होती, हे कोणी विचारीत नाही. कॅमेऱ्याला मात्र हे सगळे सांगावे लागते. भिंत दाखवायची तर ती दगडाची की मातीची ते ठरवावे लागते. चूल दाखवायची तर ती पेटलेली की विझलेली, हेही ठरवावेच लागते. पोथी एका शब्दात 'दारिद्र्य' म्हणून मोकळी होते; चित्रपटाला रिकामी मडकी मांडावी लागतात.

हे ज्यांनी जाणले ते दामले आणि फत्तेलाल. दोघेही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले. चित्र रंगवायचे, पडदे रंगवायचे, यंत्रे जोडायची, पडेल ते काम करायचे. दामल्यांचा हात यंत्रावर आणि ध्वनीवर, फत्तेलालांचा रंगरेषेवर. जाता जाता एक सांगतो. तुकोबांचे देहू, ती घरे, तो नदीकाठ, ते देऊळ पुण्याच्या स्टुडिओत ज्याच्या नजरेने उभे राहिले, ते साहेबमामा म्हणजे शेख फत्तेलाल. याचे त्या काळी कोणाला विशेष नवल वाटले नाही. आज ते मुद्दाम सांगावेसे वाटते.

'संत तुकाराम' 12 डिसेंबर 1936 रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि वर्षाहून अधिक काळ हलला नाही. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळ्यांचे, गाणी शांताराम आठवल्यांची. तुकारामाच्या कामासाठी विष्णुपंत पागनीस निवडले तेव्हा अनेकांनी नाके मुरडली होती. पागनीस पूर्वी नाटकांत स्त्रीभूमिका करीत. त्यांच्या चालण्याबोलण्यात तो नाजूकपणा उरला होता. वाण्याचा, कुणब्याचा तुकाराम हा कसा शोभणार? पण नेमका तोच मऊपणा कामी आला. पडद्यावरचा तुकाराम कोणावर ओरडत नाही, हात उगारीत नाही. गाताना तो स्वतःशीच बोलत असतो.

महिपतीने तुकोबांची कथा दोनदा सांगितली. 'भक्तविजया'त थोडक्यात आणि 'भक्तलीलामृता'त 25 ते 40 अशा सोळा अध्यायांत ऐसपैस. त्यातल्या किती गोष्टी आपल्याला तोंडपाठ आहेत! उसाची मोळी वाटेत पोरांना वाटून टाकली, उरलेला एक ऊस बायकोने पाठीत मारला, त्याचे तुकडे झाले आणि तुकोबा म्हणाले, बरी वाटणी केलीस! कीर्तनकार ही कथा रंगवून सांगतो, लोक हसतात. हसता हसता आपण कोणाच्या बाजूला बसलो आहोत, हे आपल्या ध्यानात येत नाही. आपण तुकोबांच्या बाजूला असतो. बायको ही कर्कशा. पोथीत तिचे कामच ते. संताची शांती उजळून दिसावी म्हणून घरात एक ज्वाळा लागते.

महिपतीवर अन्याय करायचा नाही. त्याने आवलीला नुसते भांडायला ठेवलेले नाही. ती रोज भाकरी घेऊन भंडाऱ्याच्या डोंगरावर जाते. एकदा वाटेत पायात काटा मोडतो, आणि तो काढायला साक्षात विठ्ठल येतो. नवऱ्याला ज्याचे दर्शन रडून रडून झाले, तो हिच्या पायाशी येऊन बसतो! ही कथा सांगणाऱ्याला त्या बाईची किंमत नव्हती असे कोण म्हणेल? पण काटा निघाला की कथा पुढे जाते. पोथीला पुढच्या चमत्काराची घाई असते.

चित्रपट मात्र तिथे रेंगाळतो. आवली डोंगरावर नवऱ्याला शोधीत येते, धापा टाकते, रागावते. मग दोघे झाडाखाली बसून भाकरी खातात, बोलतात. देव येत नाही. काही घडत नाही. पण नवराबायकोच्या त्या चार घासांत संसार असा काही उभा राहतो, की आमच्या आजीने टीव्हीसमोर स्वतःशीच "हं" असा हुंकार भरला. शेतावर नवऱ्याची भाकरी घेऊन ती चाळीस वर्षे गेली होती.

आवलीचे काम करणाऱ्या गौरीबाई या नामांकित नटी नव्हत्या. प्रभातमध्ये अगदी किरकोळ कामांपासून त्यांनी सुरुवात केली होती. म्हणूनच की काय, त्यांच्या हातांना काम ठाऊक आहे. भांडे उचलावे कसे, पोराला खांद्यावर टाकावे कसे, नवऱ्यावर ओरडता ओरडता हातातले काम कसे चालू ठेवावे, हे त्यांना शिकवावे लागले नाही. पोर तापाने फणफणले आहे, घरात काही नाही आणि नवरा देवाचे नाव घेतो आहे. तेव्हा ही बाई सरळ देवळात जाते आणि पायातली वहाण घेऊन देवावरच धावते. पोथीत हा प्रसंग ऐकला तर आपण "अरेरे, अज्ञान!" म्हणू. पडद्यावर तो पाहताना आपला हात तिला अडवायला उठत नाही. तिचा रागही एक तऱ्हेची भक्तीच आहे, तिचेही देवाशी भांडण्याइतके नाते आहे, असे वाटू लागते. हे वाक्य चित्रपटात कोणी बोलत नाही. ते दिसते.

शिवाजी महाराजांनी नजराणा पाठवला, तो तुकोबांनी परत केला, हीही पोथीतली कथा. ऐकताना केवढी उदात्त! चित्रपटात तो नजराणा घरात येतो. पोरे दागिने अंगावर घालून बघतात, आवलीला कोण आनंद होतो. मग तुकोबा ते सगळे परत पाठवतात. त्यांचे वैराग्य मोठेच. पण लेकरांच्या अंगावरून उतरलेले दागिने आपल्याला दिसलेले असतात. त्यागाची किंमत कोणी कोणी भरली, हे पोथीत एका ओळीत निघून जाते, इथे ते डोळ्यांत राहते. माझ्या मते जुन्या कथासंग्रहाला चित्रपटाने जे काही दिले, त्यातले सर्वांत मोठे देणे हे.

आता चमत्कारांकडे येतो. शिक्षक मंडळी मला नेहमी हेच विचारतात, की मुलांपुढे या चमत्कारांचे करायचे काय?

प्रभातने चमत्कार टाळले नाहीत, हे आधी कबूल करू. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या परत येतात. शत्रूचे सैनिक कीर्तनात शिवाजी महाराजांना धरायला येतात, तेव्हा त्यांना जिकडे तिकडे शिवाजीच दिसू लागतात. शेवटी गरुडाचे विमान येते. 1936 सालच्या यंत्रसामग्रीने हे सगळे केलेले आहे आणि आजच्या पोरांना त्याचे दोरे दिसतात. तरीही ते खटकत नाही, कारण चमत्कारापर्यंत आपण ज्या वाटेने येतो ती वाट खरी असते. वह्या वर येण्याआधी तेरा दिवस नदीकाठच्या शिळेवर पडून राहिलेला माणूस आपण पाहिलेला असतो. ज्याने आयुष्यभर लिहिले त्याला स्वतःच्या हाताने ते पाण्यात सोडावे लागले. तू शूद्र, तुला हा अधिकार नाही, एवढ्याच कारणासाठी. हे दुःख कळायला चमत्कारावर विश्वास असावा लागत नाही. मुलांना मी हेच विचारतो: वह्या वर आल्या की नाही ते बाजूला ठेवा; त्या खाली का गेल्या, ते सांगा.

चार वर्षांनी, 1940 साली, त्याच दामले-फत्तेलालांनी 'संत ज्ञानेश्वर' केला. शाहू मोडकांचे ते देखणे, शांत रूप कोण विसरेल? त्यात रेड्याच्या मुखी वेद आहेत, चालणारी भिंत आहे, आणि तांत्रिक सफाई तर 'तुकारामा'हून कितीतरी वरची. आणि इथेच मला थोडी शंका येते. भिंत चालू लागली की प्रेक्षक म्हणतो, "वा! कशी चालवली असेल हो?" पोथीत भिंत चालते तेव्हा श्रोता विचारतो, "का चालली?" चांगदेव वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन आला; त्याचा गर्व उतरावा म्हणून निर्जीव भिंत चालली. हा 'का' जाऊन त्या जागी 'कशी' आली की कथा जादूगाराच्या पेटीत शिरली म्हणून समजावे. 'संत ज्ञानेश्वर' पूर्णपणे तसा झाला असे मी म्हणणार नाही. पोरक्या भावंडांना वाळीत टाकल्याची दृश्ये आजही काळीज कापतात. पण दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले की जाणवते, 'तुकारामा'त चमत्कार घरात येतो, 'ज्ञानेश्वरा'त आपण चमत्कार बघायला जातो.

विरोधकांच्या बाबतीत मात्र चित्रपट पोथीपेक्षा उणा पडला, असे माझे मत आहे. महिपतीकडे मंबाजी आहे, वाघोलीचे रामेश्वर भट आहेत. मंबाजीने काटेरी फांदीने मारले, आणि संध्याकाळी तो कीर्तनाला आला नाही म्हणून तुकोबाच त्याला बोलवायला गेले. ही पोथीतली कथा माणसाला आतून हलवते. चित्रपटाने मुख्य विरोधक केला तो सालोमालो. हे नाव तुकोबांच्या अभंगांतच येते. दुसऱ्याची रचना आपल्या नावावर खपवणारा असा तो. कल्पना नामी, पण पडद्यावर तो थोडा विदूषक झाला. हसू येते, चीड येत नाही. तुकोबांच्या वह्या बुडवणारी शक्ती एका हास्यास्पद माणसाच्या मत्सरात मावणारी नव्हती. ती एक सबंध व्यवस्था होती, तिच्याजवळ शास्त्र होते, निवाडा देण्याचा हक्क होता. 2012 साली चंद्रकांत कुलकर्णींनी 'तुकाराम' केला, जितेंद्र जोशींना घेऊन. त्यात तरुणपणचा संसार आणि दुष्काळ यांना पुष्कळ जागा दिली आहे. सांगणारा आपल्या काळाच्या गरजेप्रमाणे त्याच पोथीतली निरनिराळी पाने उघडतो.

आता एक गमतीची, पण मला अस्वस्थ करणारी गोष्ट. या चित्रपटात बीज आणि वृक्ष यांच्या उपमेचे एक पद आहे, फार सुंदर. ते ऐकून भल्याभल्यांनी तुकोबांचा गाथा उलटून पाहिला, सापडेना. सापडणार कसे? ते शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेले. अभंगाचा घाट इतका अचूक, की लोकांनी ते तुकोबांच्या पदरात टाकले. मी स्वतः एका शाळेच्या कार्यक्रमात ते 'संत तुकारामांचा अभंग' म्हणून जाहीर झालेले ऐकले आहे. आठवल्यांच्या दृष्टीने याहून मोठी पावती नाही. पण तुकोबांच्या दृष्टीने?

आणि चेहऱ्याचेही तसेच. चित्रपट लागल्यावर लोक पागनिसांच्या पाया पडू लागले. त्यांच्या रूपातले तुकाराम कॅलेंडरांवर आले, देवघरात गेले. पागनीस 1943 साली वारले, पण तो चेहरा मागे राहिला. वर्गात मुलांना तुकोबांचे चित्र काढायला सांगा. डोळे मिटून चिपळ्या धरलेला जो चेहरा निघेल त्यात कुठेतरी पागनीस असतातच. पोथी ऐकणाऱ्या शंभर माणसांच्या मनात शंभर तुकाराम असत. कोणाचा काळा, कोणाचा उंच, कोणाचा आपल्या आजोबांसारखा. पडद्याने सगळ्यांना मिळून एकच तुकाराम दिला. ही देवघेव आहे, नुसते घेणे किंवा नुसते देणे नव्हे. पण तिचा हिशेब एकदा मांडून पाहायला हरकत नाही. पागनिसांचा तुकाराम सौम्य आहे. गाथ्यातला तुकाराम सौम्य आहे तसा कडकही आहे. ढोंग्याला तो असा काही शब्द सुनावतो की ऐकणाऱ्याचे कान लाल व्हावेत. तो तुकाराम ज्याला भेटायचा आहे त्याने गाथाच उघडावा.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना मी एक साधी रीत सुचवतो, मी माझ्या वर्गात करून पाहिलेली. आधी महिपतीचा एक अध्याय मोठ्याने वाचावा, सावकाश, ओवीच्या चालीवर. मग मुलांना विचारावे, की या प्रसंगात घरात आणखी कोण कोण असेल? पोथीने ज्यांचे नाव घेतले नाही, अशी माणसे कोणती? त्यानंतर चित्रपटातला तोच प्रसंग दाखवावा. आणि शेवटी, तोच प्रसंग तुम्ही कसा दाखवाल, ते लिहायला सांगावे.

मागच्या वर्षी मी शेवटचा प्रसंग दिला होता. तुकोबा वैकुंठाला निघाले आहेत. चल म्हणून त्यांनी बायकोला बोलावले आहे. ती घरच्या कामात आहे. परंपरा सांगते की त्या वेळी आवली गरोदर होती, आणि नारायण हा मुलगा तुकोबांच्या मागे जन्मला. तुकोबांचा अंत नेमका कसा झाला यावर अभ्यासकांनी वाद घातला आहे. तो मी वर्गात थोडक्यात सांगितला, लपवला नाही. मुलांनी बहुतेक विमान रंगवले. कोणी ढग, कोणी फुले, एकाने हेलिकॉप्टरसुद्धा.

एका मुलीने मात्र विमान काढलेच नव्हते. तिच्या कागदावर आवली उंबऱ्यात उभी होती. हात पिठाने भरलेले, मागे चुलीवर तवा, आणि चौकटीबाहेर वर बघणारे तिचे तोंड. खाली तिने एवढेच लिहिले होते: "तव्यावरची भाकरी करपत आहे."

मी तो कागद आजीला दाखवायला हवा होता. ती तेव्हा नव्हती.